सव्वा महिन्याची पाहुणी

व्हिसा लागत नाही हे ऐकून मी काय खूश झालेले! मुलगा जेवता जेवता सहज बोलला, "आई, मलेशियाला आता आपल्याला व्हिसा नको. पासपोर्ट घ्यायचा आणि जायचं." मी ताटावरून उठले, हात धुतले आणि देवापुढे साखर ठेवली. व्हिसा नको म्हणजे चौकशीही नको, असंच मी धरून चाललेले. आमच्या घरात सगळ्यांनीच तसं धरलेलं.

माझी लेक क्वालालंपूरला असते. जावई तिथल्या कारखान्यात इंजिनियर, शिफ्टची नोकरी, दोघांशिवाय घरात तिसरं माणूस नाही. तिला दिवस गेलेले, आणि सातव्या महिन्यात बीपी असं काही वर चढलं की डॉक्टरने विमानात बसायला साफ मनाई केली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण तसं बघायला गेलं तर हे पहिलंही नव्हतं. आधीचं एक सातव्याच महिन्यात गेलेलं. तेव्हा माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. मानपाड्याच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून मी फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि "मी येते गं, मी येते" म्हणत राहिले. कुठून येणार होते? ती हॉस्पिटलात एकटी होती, जावई ड्युटीवर. या खेपेला तू कळा देशील तेव्हा मी दाराबाहेर उभी असेन, असं मी तिला वचन दिलेलं. त्या वचनापायी हा सगळा खटाटोप.

आता थोडं माझ्याबद्दल. मानपाड्यात मला झाडून सगळे काकी म्हणतात. आमची भातशेती होती तिथे कारखाने आले, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या. शेतात राबणाऱ्या बायका घरात बसल्या. मी काही बसले नाही. आसपास कुणाकडे बाळ झालं की हाक मला. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, बाळंतिणीला शेक द्यायचा. पैसे मी कधी घेतले नाहीत. सव्वा महिना झाला की त्या घरची मोठी बाई माझी ओटी भरते आणि साडी देते. ती घ्यावीच लागते, ओटीला नाही म्हणायचं नसतं. माझ्या कपाटात त्या साड्यांचा अख्खा एक खण आहे आणि मला त्याचा गर्व आहे. होता म्हणा.

तिकीट काढायची वेळ आली तेव्हा मुलगा म्हणाला, "परतीचं पण काढावं लागेल." सासूबाई पलंगावरून कडाडल्या, "परतीचा तिकीट नको कारू गो बाय! पोर मांडीवर येवाचे आदी जावाचा दिस कोन ठरवतं?" सासूबाईंचं आणि माझं जन्मात कधी एकमत झालेलं नाही. मीठ किती घालायचं यावरही नाही. पण त्या दिवशी मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. गेल्या खेपेला आम्ही हौसेने आधीच पाळणा घेऊन ठेवलेला, तो रिकामा पाळणा विकताना मला काय झालं ते माझं मला माहीत. म्हणून या वेळी आधी काही ठरवायचं नाही, असं घरात ठरलेलं. मुलगा डोक्याला हात लावून बोलला, "अरे यार, तुम्ही दोघी एक झालात म्हणजे खल्लास."

विमान सकाळचं होतं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पहिलाच प्रश्न केला, "आंटी, रिटर्न तिकीट?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग बसता येणार नाही. काचेबाहेर मुलगा उभा होता, त्याला फोन केला. त्याने भराभर काहीतरी केलं आणि माझ्या फोनवर तिकीट आलं. मी विचारलं, "मेल्या, दिवस ठरवलास?" तर म्हणतो, "नाही गं. खरं नाहीये ते. नुसतं होल्ड केलंय, थोड्या वेळाने आपोआप उडून जाईल. सगळेच करतात." मला तर बरंच वाटलं. साप मेला आणि काठीही तुटली नाही. काउंटरवरच्या मुलीने ते बघितलं आणि मला आत सोडलं.

आणि मी विमानात सबंध वेळ खिडकीतून ढग बघत, बाळगुटीसाठी सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे ते मनातल्या मनात मोजत गेले. कसली काळजी नाही न् काही नाही.

तिकडे उतरल्यावर रांग. पुढचे पटापट जात होते. कुणाला एक प्रश्न, कुणाला तोही नाही. माझा नंबर आला. काचेमागे एक तरुण ऑफिसर. आल्याची नोंद मुलाने आधीच ऑनलाइन करून ठेवलेली, ती त्याला दिसली. त्याने विचारलं, किती दिवस? मी ऐटीत म्हटलं, "वन मंथ. अँड सेव्हन, एट डेज." बोटं पण दाखवली. सव्वा महिना राहायचं तर सव्वा महिनाच सांगणार ना! तो म्हणाला, तीस दिवस. मी म्हटलं, नो नो, तीस नाही. माझ्या मागचा माणूस खाकरला. मग त्याने परतीचं तिकीट मागितलं. मी फोन पुढे केला. त्याने नंबर टाइप केला. परत टाइप केला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते तिकीट मी हवेत असतानाच उडून गेलेलं.

त्याने शिक्का खाली ठेवला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

आत एक खोली होती. खुर्च्या, पाण्याचं मशीन, दोन-तीन पोरं मान खाली घालून बसलेली, आणि एक बाई मांडीवर पर्स घट्ट धरून. मला टेबलाशी बसवलं. समोर एक ऑफिसरबाई आली, वर्णाने आपल्यासारखी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. ती बघून मला धीर आला. म्हटलं, चला, आपल्यातली आहे, हिला कळेल. ती मोडकं हिंदी बोलायची आणि मी त्याहून मोडकं इंग्रजी. आमचं जे झालं ते मी आपलं मराठीत सांगते.

"इथे कशाला आलात?"

"लेकीचं बाळंतपण करायला. जावई बाहेर घ्यायला आलेत."

"म्हणजे काय काय करणार?"

आता हा काय प्रश्न झाला? पण मी सांगितलं. बाळाला न्हाऊ घालणार, मालिश करणार, बाळंतिणीला शेक देणार, तिचा स्वयंपाक वेगळा करणार. ती लिहून घेत होती. मग तिने माझी बॅग उघडायला लावली. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, ओवा. गुटीची पिशवी निघाली. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा आणि सहाण. तिने एक एक वस्तू टेबलावर मांडली. दोन ऑफिसर अजून बघायला आले. जुन्या सुती साड्या फाडून केलेली दुपटी आणि लंगोट निघाले, ढीगच्या ढीग. ती म्हणाली, "एका बाळासाठी एवढे?" मी म्हटलं, "बाई, एक बाळ दिवसाला किती करतं ते तुम्हाला माहीत नाही वाटतं." तिला हसू आलं नाही.

मग तिने फोन मागितला. माझ्या फोनमध्ये दुसरं आहे काय? बाळं. पायांवर उताणी, पालथी, तेलाने चकचकीत, रडणारी, जांभई देणारी. प्रत्येक घरचं निराळं. आणि खाली मेसेज, काकी आमच्या सुनेची तारीख जवळ आली, तुम्हीच या हां. ती बोटाने सरकवत गेली, सरकवतच गेली. "ही सगळी कोणाची मुलं?"

आणि इथे माझ्यातली काकी जागी झाली. मी सरळ बसले. म्हटलं, "गावातली. सगळ्यांची बाळंतपणं मीच केलीत. आमच्या मानपाड्यात कुणालाही विचारा."

"त्याबद्दल काही देतात का?"

"देतात ना! साडी देतात, ओटी भरतात. न देऊन सांगतील कोणाला?"

तिचं पेन थांबलं. मग तिने ते लिहिलं, आणि मला अजून कळलेलं नव्हतं की मी काय बोलून बसले. उलट मनात म्हणत होते, बघ, आता कळलं ना कोणाशी गाठ आहे ते.

तिने पेन ठेवून मला सावकाश समजावलं. त्यांच्याकडे बाळंतिणीसाठी बाई ठेवायची पद्धत आहे. घरात राहणारी, महिनाभर आईचं आणि बाळाचं सगळं करणारी. ती नोकरी आहे, तिला परवाना लागतो. परवाना नसलेल्या बायका पाहुण्या म्हणून येतात, घराघरांत काम करतात आणि जातात. "तुमच्याकडे परतीचं तिकीट नाही, दाखवलं ते खोटं निघालं. तीस दिवसांची परवानगी, तुम्ही त्याहून जास्त सांगता. सामान या कामाचं. फोनमध्ये हेच काम. आणि मोबदला मिळतो असं तुम्हीच म्हणालात. मी काय समजू?"

माझं डोकंच फिरलं. "मोबदला? अगं ओटी आहे ती! ओटी!" मी मराठीतच सुरू झाले. "मी काय भांडीवाली वाटले तुला? माझी पोरगी आहे ती, पोटची!" खोलीतली पोरं मान वर करून बघायला लागली. ती शांतपणे म्हणाली, "व्हिसा नको म्हणजे तुम्ही आमच्या दारापर्यंत न विचारता येऊ शकता. दार उघडायचं की नाही, ते आम्ही इथे ठरवतो." खोटं कशाला बोलू, ती उद्धट नव्हती. ती उद्धट असती तर मला भांडायला तरी बरं पडलं असतं.

तेवढ्यात मुलाचा फोन. तो घोडबंदरला ऑफिसहून निघून ट्रॅफिकमध्ये अडकलेला, मागे नुसते हॉर्न. "आई, खरं तिकीट काढलं. तिसाव्या दिवसाच्या आतलं. पाठवलंय बघ. दाखव त्यांना." मी घाईघाईने दाखवलं. ऑफिसरबाईने बघितलं आणि मान हलवली. आता प्रश्न तिकिटाचा राहिला नव्हता. पण ती एक गोष्ट बोलली, जिच्यावर मी तरंगले. "जावई बाहेर आहे ना? त्याला तुमच्या मुलीचा पासपोर्ट आणि हॉस्पिटलचे कागद घेऊन वर बोलवा. पासपोर्टवर आईचं नाव असतं. तो बोलला, कागद जुळले, तर मी साहेबांना विचारते. लवकर करा, त्यांची ड्युटी संपत आलीय."

जावयाला फोन केला. देवाची कृपा, हॉस्पिटलची फाइल आणि पासपोर्ट गाडीतच होता. हॉस्पिटलला न्यायची बॅग आधीच गाडीत भरून ठेवलेली त्यांनी, शहाण्या माणसांसारखी. "आई, आलोच. तुम्ही घाबरू नका." मी म्हटलं, घाबरते कसली. आणि सहाण कपड्यात गुंडाळून परत बॅगेत ठेवायला लागले.

टेबलावरचा फोन वाजला. स्क्रीनवर लेकीचा फोटो. ऑफिसरबाईने खुणेने घ्या म्हटलं.

"आई, पाणी जायला लागलंय."

तारखेला अजून अवकाश होता. मी उभीच राहिले. "कळा येतायत?"

"थोड्या. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय. आई, तू बाहेर आलीस का? कुठे आहेस? मी एकटी नाही जाणार गं. मागच्या वेळेसारखं नाही ना होणार? आई, बोल ना!"

"नाही होणार. डाव्या कुशीवर झोप. मी आहे." मी होते कुठे? तिच्यापासून गाडीने तासाभरावर, एका खोलीत, आणि मधे एक दार.

तिचा फोन ठेवते न ठेवते तोच जावयाचा. त्यांनाही तिने कळवलेलं. धापा टाकत होते. "आई, मी वरच्या ऑफिसच्या दाराशी आहे. माझं नाव घेतलंय, आता आत बोलावतील. पण ती तिकडे... मी गेलो तर तुम्हाला परत पाठवतील. काय करू? तुम्हीच सांगा."

मी ऑफिसरबाईकडे बघितलं. तिला शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळलं. ती हळूच म्हणाली, "तो गेला तर आज काही होणार नाही."

मला माझी पोरगी हवी होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, दुसरं काही नको होतं. कोण म्हणेल, दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता. तेवढं जावई थांबले असते तर दोघं मिळून गेलो असतो, असं मन ओरडत होतं. पण साहेब लगेच भेटेल कशावरून? ऐकेल कशावरून? आणि तोवर ती एकटी.

"जावईबापू, तुम्ही जा."

"आई, पण तुम्ही—"

"जा म्हणते ना! माझं बघायला मी आहे. तिच्याजवळ कोणी नाहीये. पळा!"

फोन बंद झाला. मी खुर्चीत बसले आणि मग मला जे रडू फुटलं ते काही विचारू नका. एवढी मोठी बाई मी, परक्या मुलखात, त्या पोरांदेखत हमसून हमसून रडले. पर्स धरून बसलेली ती बाई उठली आणि मला पाणी आणून दिलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला.

पुढचे तास कसे गेले ते मी सांगू शकणार नाही. जावई वेळेत पोचले एवढं कळलेलं. नंतर फोन नाही, मेसेज नाही. बीपी चढलं असेल, आत नेलं असेल, गेल्या वेळेसारखं असेल. मी एकेका देवाला वेठीला धरलं. ऑफिसरबाईची पाळी संपली, तरी ती जाताना माझ्याकडे आली, चार्जर लावून दिला. म्हणाली, परत येताना नीट व्हिसा काढून या. तिचा राग धरावा की तिच्या पाया पडावं, हे मला कळेना.

मग फोटो आला. मुलगी. केस भरपूर, मुठी आवळलेल्या, नाक आमच्या घरचं. खाली जावयाने लिहिलेलं, दोघी ठीक आहेत. मी त्या पाणी देणाऱ्या बाईला फोटो दाखवला. तिने माझा हात धरला. दुसऱ्या दिवशीच्या विमानात मला आणून बसवलं. मी त्या देशात गेले होते असं म्हणायचं की नाही, कायद्याने काय ते मला अजून माहीत नाही.

घरी आले तर सासूबाई दारातच. माझा इतका वेळ गिळलेला राग बाहेर पडला. "आये, तुमच्या त्या परतीच्या दिवसाने घात केला! नुसतं तिकीट काढलं असतं तर आज मी तिच्याजवळ असते!" म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोर हातापायानी धड हाय ना? मंग भांडान नंतर. आदी जेव." मी हातपाय धुऊन पानावर बसले. आणि साडीचं त्या ऑफिसरबाईला ऐटीत सांगितलेलं मीच, सासूबाईंनी नव्हे.

आता मुलाने रीतसर व्हिसासाठी अर्ज केलाय. उत्तर यायचंय. तोवर तिकडे जावयाने एक बाई ठेवली. परवानावाली, समुद्रापलीकडच्या बेटावरून आलेली. तीच ती नोकरी, जी मी करायला आलेय असं त्यांना वाटलेलं.

मी लेकीला बजावलं, माझ्या डोळ्यांदेखत न्हाऊ घालायचं, मी फोनवर असल्याशिवाय बाळाच्या अंगावर पाणी घालायचं नाही. तशी वेळ ठरली. रोज इकडे मी मोबाइल बरणीला टेकवून बसायचे आणि ओरडायचे, "मान! मान धर तिची! अगं असं कुठे तेल लावतात?" ती बाई माझ्या वयाची, डोक्याला रुमाल बांधलेला. बाळाला पायांवर घ्यायची नाही, टबात घ्यायची, पाण्यात कसलीशी पानं घालायची. हात मात्र सराईत. पोरगी तिच्या हातात रडायचीसुद्धा नाही, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. खरं सांगते, मी जळायचे तिच्यावर. माझी जागा होती ती.

परवा आंघोळ अर्ध्यावर आली आणि मागे कुठेतरी दुसराच फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. त्या बाईने एकदा तिकडे बघितलं आणि परत बाळाच्या मानेखाली हात नीट केला.

"कुणाचा गं फोन?" मी लेकीला विचारलं.

"या मावशींचाच. त्यांच्या लेकीचा असतो. ती पण बाळंत झालीय ना, तिकडे गावाला. रोज याच वेळेला लावते, तिचं बाळ तेव्हाच जागं असतं म्हणे."

"मग उचलत का नाही?"

"आई, तू बघत असतेस ना. ही वेळ तूच ठरवलीस."

फोन वाजतच होता. त्या बाईने माझ्याकडे, म्हणजे स्क्रीनकडे बघितलं आणि हसून बाळाचा पाय वर करून मला दाखवला, बघा, किती स्वच्छ धुतलाय म्हणून.

मी म्हटलं, "बाळाला तू घे. तिला म्हणावं, हात पूस आणि आधी लेकीशी बोल. मला दिसलं नाही तरी चालेल."

आणि फोन मीच बंद केला.